गजराबाईच्या बाळाचं उष्टावण

मुलांनो, एका जंगलात वाघालासुद्धा डरकाळी फोडण्याआधी अर्ज भरावा लागत असे. त्या जंगलात एक इस्पितळ होतं. तिथले डॉक्टर अस्वलराव मोठे सज्जन. कडू काढा रोग्याला देण्याआधी ते स्वतः चाटून बघत, आणि मग रोग्याला मध देऊन काढा टाकून देत.

इस्पितळात सगळं होतं, फक्त बाळंतिणीची खोली नव्हती. म्हणून नदीपलीकडच्या ‘माउली मंडळा’नं इस्पितळाशी करार केला. मंडळानं कोरडी, पक्की खोली बांधायची, सुईण नेमायची, प्रत्येक आईला बाळंतविडा द्यायचा. इस्पितळानं बाळंतपणं करायची. मुदत या होळीपासून पुढच्या होळीपर्यंत.

मंडळाच्या चिटणीस साळूताई, जातीनं साळिंदर. बाई भल्या मनाच्या आणि टापटिपीच्या. लेखणी शोधायची भानगड नाही. पाठीवरचा एक काटा उपसायचा आणि लिहायला बसायचं.

पहिलं नाव लागलं गजराबाई हत्तिणीचं. तिचं मागचं बाळंतपण नदीकाठी झालं होतं. पिल्लू जन्मलं ते चिखलात, उठायला धडपडलं आणि तिथंच रुतून गेलं. तेव्हापासून गजराबाईचं एकच मागणं होतं.

“मला काही नको, ताई. फक्त पायाखाली कोरडी जमीन द्या.”

“देऊ हो! कितवा महिना?”

“चौथा.”

“म्हणजे श्रावणात मोकळ्या व्हाल.”

“नाही हो. आम्हांला बावीस महिने लागतात.”

साळूताईंनी फॉर्म उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. “अहो, इथं रकानेच नऊ आहेत. तुम्ही काळजी करू नका, आपण बसवू.”

गजराबाई मोठी. फॉर्मात कशी बसणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

श्रावण गेला. दिवाळी गेली. शेवंता सशीण दर महिन्याला यायची आणि सात-सात पिल्लं घेऊन जायची. जाता जाता टोमणा मारायची, “काय हो वन्सं, अजून त्याच खेपेत? मी तुमच्या मागून येऊन आठदा मोकळी झाले!”

गजराबाई बिचारी पोटावरून सोंड फिरवायची.

होळी आली. मुदत संपली. साळूताई अहवाल घेऊन धावत आल्या.

“गजरावहिनी, सगळे रकाने भरले, तुमचाच एक रिकामा राहिलाय हो! बाळ आत सुखरूप आहे ना?”

“आहे की.”

“मग ‘बाळ सुखरूप’ एवढं लिहिते. आत का बाहेर, असं त्यात विचारलेलंच नाही.”

लिहिलं. टोपडं, दुपटं आणि डिंकाचे लाडू देताना फोटो काढला. गजराबाईनं लाडू परातीसकट उचलले. मग खोलीला कुलूप लागलं आणि दारावर पाटी लागली, ‘उपक्रम यशस्वी’.

तुम्ही म्हणाल, असं कुठं असतं का! अरे, आमच्या पेठेत एकानं ‘घरच्या गाईचं ताजं दूध’ अशी पाटी रंगवून घेतली आणि सहा महिन्यांनी गाय बघायला गेला. गिऱ्हाइकं तोवर दुधाची तारीफ करत होती.

तर भाद्रपद उजाडला. पाऊस लागून राहिला होता. जंगलात पाऊल टाकावं तिथं चिखल. नेमकं त्याच सकाळी गजराबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. ती धापा टाकत इस्पितळात आली.

अस्वलरावांनी वही उघडली. “बाई, तुमचं बाळंतपण होळीलाच झालंय. हा काय फोटो!”

“अहो डॉक्टर, हे पोट बघा की!”

“पोट दिसतंय. पण वहीत तुम्ही मोकळ्या झालेल्या आहात. आणि खोली आज उष्टावणासाठी उघडलीय. मंडळाची सहा महिन्यांची बाळं येणार. खीर शिजतेय.”

गजराबाईनं मागं वळून चिखलाकडं पाहिलं.

सुईण भागामावशी दारातच बसली होती. जुनी वानरीण, तोंडात पान. ती म्हणाली, “डॉक्टर, उष्टावणाच्या यादीत वरचं नाव कुणाचं?”

“गजराबाईंच्या बाळाचं.”

“मग त्याला आत घ्या.”

“कुठंय ते?”

“आईबरोबर आलंय. इतक्या लहान लेकराला का एकटं पाठवायचं? आणि यादीतलं पहिलं बाळ बाहेर ठेवलं, तर साळूताईंना काय सांगाल?”

अस्वलराव दारातून पटकन बाजूला झाले.

मावशीनं गजराबाईला आत नेलं. खाली कोरडी फरशी होती. खिरीला उकळी फुटायच्या आत गजराबाई मोकळी झाली. पिल्लू धडपडलं, पडलं, पुन्हा धडपडलं आणि चार पायांवर उभं राहिलं. गजराबाईचे डोळे वाहायला लागले.

तेवढ्यात साळूताई खिरीची वाटी घेऊन आल्या. पिल्लाच्या तोंडाला चमचा लावला. पिल्लानं तोंड फिरवलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं.

“अगं बाई! सहा महिन्यांचं झालं, तरी वरचं काही घेत नाही?” साळूताई घाबरल्या. “आणि किती सुरकुतलंय! डॉक्टर, अशक्त आहे हो हे!”

अस्वलरावांनी वही पाहिली, पिल्लू पाहिलं आणि पुन्हा वहीच पाहिली. “वयाच्या मानानं फारच मागं आहे,” ते म्हणाले.

“असं कधीपासून आहे, वहिनी?”

“जन्मल्यापासून,” गजराबाई म्हणाली.

साळूताईंनी तिथल्या तिथं काटा उपसला आणि नवा करार लिहिला. अशक्त बालक संगोपन, मुदत दोन वर्षं. खोली उघडी राहणार, आईला रोज ऊस आणि केळी मिळणार.

आता शेवंता सशीण आपल्या धट्ट्याकट्ट्या पिल्लांना पोट आत ओढून चालायला शिकवते आहे.

तात्पर्य: मुलांनो, जन्माला यायची घाई करू नये. आधी अहवालात यावं, तिथं सहा महिन्यांचं व्हावं, आणि मग सवडीनं आईच्या पोटातून बाहेर पडावं. म्हणजे कोरडी जागा मिळते.