सहाव्या घराचं छप्पर

पडदे लावून राहणाऱ्या माणसांवर सिब्रेन हाउस्माचा काडीचा विश्वास नव्हता. सापेमेर या डच गावातल्या त्याच्या आळीत आठ घरं, भिंतीला भिंत लावून उभी, एकाच साच्यातून काढलेली. त्यातल्या सात घरांच्या खिडक्या सताड उघड्या. येणाऱ्याजाणाऱ्यानं खुशाल आत बघावं, ताटात काय वाढलंय तेही बघावं. (लपवायचं काही नसेल, तर पडदा कशाला?) सहाव्या घरातला बेरेंड मात्र ऑगस्टमध्ये राहायला आला तो पडदे लावूनच. तेव्हापासून आळीच्या पहारा-ग्रुपवर सिब्रेनचे संदेश सुरू होते. "सहा नंबरकडे मोठं खोकं आलं." "सहा नंबरचा दिवा भरदुपारी चालू."

आता हेही सांगायला हवं, की खुद्द सिब्रेनच्या तिसऱ्या घरात, पोटमाळ्यावर, पाच जुने सर्व्हर घरघरत होते. कचेऱ्यांनी बाद केलेले, उचलताना कंबर धरावी असे. बायकोला, म्हणजे हिल्ट्येला, त्यातला एकच ठाऊक होता. बाकीचे भंगारात दिले, असं त्यानं दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं होतं. "दुसरा दिसला, तर सगळे घराबाहेर," असं तिनंही तसंच डोळ्यांत डोळे घालून सांगितलं होतं. हिल्ट्येचे गुडघे दुखत आणि माळ्याची शिडी उभी, एवढ्या दोन गोष्टींवर सिब्रेनचा छंद टिकून होता.

जानेवारीत बर्फ पडला आणि तीन दिवस कडाक्याची थंडी राहिली. सकाळी सगळ्या गावासारखा सिब्रेनही मागच्या कालव्यावर, बर्फ स्केटिंगपुरता घट्ट झालाय का ते बघायला गेला. वळून पाहतो तर कुंपणाच्या झाडांवरून आळीची आठ छपरं दिसत होती. सात पांढरीशुभ्र आणि एक काळंभोर, कोरडं ठक्क! त्यानं डावीकडून मोजलं. सहावं! अशा थंडीत छपरावर बर्फ टिकत नाही म्हणजे खाली दिव्यांच्या उबेत गांजा पिकतोय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सिब्रेननं गारठलेल्या बोटांनी वस्तीच्या पोलिसाला, डूकेला, फोन लावला.

बेरेंडनं लोकरीच्या मोज्यांतच दार उघडलं. डूके वर जाऊन हात चोळत खाली आला.

"अहो सिब्रेन, वर माणूस गोठून मरेल. नाताळचं झाड आहे आणि एक तंबू."

"असं कसं होईल? मी स्वतः मोजलंय!"

"कुठून मोजलंत?" बेरेंडनं विचारलं.

"कालव्यावरून. डावीकडून सहावं."

"कालवा घरांच्या मागे आहे ना? मागून सहावं म्हणजे पुढून..."

डूके बोटांवर मोजू लागला. सिब्रेनचं मोजून झालं होतं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आणि पडद्यांचं विचाराल," बेरेंड म्हणाला, "तर रोज तीन वेळा माझ्या खिडकीसमोर थांबून बुटाची नाडी कोण बांधतं? तुमच्या बुटांना तर नाड्याच नाहीत!"

तिसऱ्या घरात हिल्ट्येनं डूकेला कॉफी दिली, तिथल्या रिवाजाप्रमाणे एकच बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. "सापडला का कोणी?" तिनं उत्सुकतेनं विचारलं. डूके थेट शिडी चढला. त्याच क्षणी सिब्रेनचा फोन टिंग वाजला. *माळ्यावर अनोळखी इसम.*

"झाडंबिडं काही नाहीत!" वरून डूके ओरडला. "नुसत्या पाच मशिनी आहेत. पण काय उकडतंय हो!"

"पाच?" हिल्ट्ये म्हणाली.

सिब्रेन घाईघाईनं समजावू लागला. "अगं, पहिल्यात आपले फोटो. दुसऱ्यात पहिल्याची नक्कल. तिसरं त्या दोघांवर लक्ष ठेवतं. चौथं तिसऱ्यावर."

"आणि पाचवं?"

"वर कोणी परकं आलं, तर मला कळवतं."

हिल्ट्ये छताकडे बघत राहिली. माळ्याच्या बरोब्बर खाली त्यांची झोपायची खोली होती.

"दोन वर्षं माझ्या अंगाची लाही होतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "तीनदा डॉक्टरकडे गेले. रक्त तपासून घेतलं. तू काय म्हणाला होतास?"

"वयाचं आहे, म्हणालो होतो."

"एकसष्टाव्या वर्षी! आणि शिवाय माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होतास!"

सिब्रेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला हे खरंच कधी सुचलं नव्हतं. सगळ्या आळीचा संशय घेऊन झाला होता, फक्त स्वतःच्या पलंगावरचं छत तेवढं राहून गेलं होतं. डूकेनं कॉफी अर्धी टाकून टोपी उचलली.

"उद्या सगळ्या मशिनी जातील," हिल्ट्ये म्हणाली. "आणि तोवर तुझा मुक्काम वर. गादी घेऊन जा."

सिब्रेननं गादी शिडीवरून वर ओढली. एरवी माळ्यावर पाऊल टाकण्याआधी तो पाचव्या मशीनचा कॅमेरा न चुकता बंद करायचा. आज विसरला. फोनही खाली टेबलावरच राहिला होता. तो टिंग वाजला. हिल्ट्येनं चष्मा लावून वाचलं: *माळ्यावर अनोळखी इसम.*

"काय म्हणतंय गं?" वरून सिब्रेननं विचारलं.

"बरोबर म्हणतंय," हिल्ट्ये म्हणाली. "मीही नाही ओळखत." आणि तिनं डबा उघडून दुसरं बिस्किट घेतलं.