पाण्याची घंटी

"आठ दिवसांत एकाही लेकराची बाटली भरलेली घरी जाणार नाही! गेली तर नावाचा भागवत नाही!"

पुसेगावजवळच्या एका शाळेत भागवत गुरुजींनी भर प्रार्थनेत ही घोषणा केली. त्याला कारणही तसंच होतं. आदल्या दिवशी सातवीतली मिना चक्कर येऊन धाडकन पडली होती. डॉक्टर म्हणाले, पोरगी पाणीच पीत नाही. मार्चचं ऊन, पुन्हा पडली म्हणजे? माणूस रागीट, पण पोरांवर जीव होता त्यांचा.

झालं! पाण्याची घंटी सुरू झाली. अकराला एक, तीनला एक. लिंबाला टांगलेला लोखंडी तुकडा गुरुजी स्वतःच्या हातानं असा बडवत, की झाडावरचे कावळेसुद्धा पाणी प्यायला जात असावेत. पोरं बाटल्या घेऊन लिंबाखाली पळत आणि गुरुजी ऑफिसात अहवाल लिहायला बसत. संध्याकाळी बघावं तर सगळ्या बाटल्या रिकाम्या! गुरुजींची मान ताठ झाली.

आता शेजारच्या मळ्यात तातेरावांची हळद काढणी चालू होती आणि तिथल्या बायांचं घड्याळ म्हणजे शाळेचीच घंटी. कामाला लागल्यावर पहिली, म्हणजे एकची जेवणाची, झाली की भाकरी; दुसरी, म्हणजे पाचची शाळा सुटल्याची, झाली की घर. वर्षानुवर्षांचा शिरस्ता! त्यामुळे बायांनी अकराला भाकरीची फडकी सोडली आणि एकला जेवणाच्या सुटीची घंटी झाली, तशी ती दुसरी समजून घरची वाट धरली. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी तातेराव बायांचा अख्खा ताफा घेऊन शाळेत हजर!

"गुरुजी, तुमी शाळा चालवून राहिले का माझी हळद बुडवून राहिले?"

"तातेराव, लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे! हे बघा!" गुरुजींनी दहा-बारा बाटल्या उलट्या करून दाखवल्या. थेंब पडेल तर शपथ!

बायांमध्ये मिनाची आई भिकाबाई होती. ती बघत होती लिंबाच्या बुडाकडे. तिथं चांगला घोट्याएवढा चिखल झाला होता.

"मिने, हे पाणी कोनं सांडलं?"

"आमी पोरींनी."

"काहून?"

"पाणी पेलं की जावं लागते. अन् संडासाला कुलूप हाय."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. चावी त्यांच्याच खिशात होती.

"अहो, तपासणीला साहेब यायचेत. तोवर स्वच्छ राहावं म्हणून..."

"कवा येणार साहेब?" तातेरावांनी विचारलं.

"दोन वर्षांपासून येणार आहेत."

तातेराव खो खो हसले. भिकाबाई हसली नाही.

"तवर पोरींनी कळ धरायची व्हय, गुरुजी?"

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खिशातली चावी काढून कुलूप उघडलं. भिकाबाईनं आपली बाटली पुढं केली, मिनानं ती घटाघटा संपवली आणि आत गेली. गुरुजींनी कुठं सुटकेचा निःश्वास टाकला, तोच ती बाहेर आली.

"सर, आत पाणीच न्हाई!"

गुरुजींनी बादली उचलली आणि ते हापशाकडं निघाले.

"गुरुजी," मागून भिकाबाई ओरडली, "आता वाजवा पाण्याची घंटी!"