हात जोडणाऱ्याचा फोटो

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकायला जागा शोधत राहिलात तर अर्धी गोष्ट निसटून जाईल. एक हात जोडणारा किडा, त्याचा फोटो काढायला निघालेला एक फोटोवाला, आणि त्या दोघांपायी चादर धरून ताटकळलेली फोटोवाल्याची बायको, अशा तिघांची ही गोष्ट आहे. हसू आलं तर खुशाल हसा, फक्त त्या बायकोच्या देखत हसू नका. तिचे खांदे अजून दुखतात.

फोटोवाला म्हणजे इस्पितळात एक्स-रे काढणारा. उभी हयात त्यांनी लोकांच्या बरगड्या, गुडघे आणि पोरांनी गिळलेली बटणं टिपली. रोग्याला फळीपुढे उभं करायचं, "श्वास रोखा, हलू नका" म्हणायचं, लगबगीने दाराआड जायचं आणि तिथून बटण दाबायचं. निवृत्त झाले तरी जिभेवरचं वाक्य सुटलं नाही आणि पायांची सवय तर त्याहून नाही. गल्लीने त्यांचं नावच श्वासरोके ठेवलं होतं.

त्यांची आत्या वरच्या खोलीत असे. आईवेगळ्या श्वासरोक्यांना तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. खुबा मोडल्यापासून ती खाटेला खिळली, आणि खिडकीतून तिला दिसायचा तो समोरच्या गच्चीचा कठडा आणि वर आभाळ. तिचं मन रमावं म्हणून श्वासरोके रोज बागेतली एखादी खबर वर नेत. एके दिवशी त्यांनी प्रार्थनाकीटकाची खबर नेली, आणि तिथेच घोळ झाला.

"खरंच हात जोडून बसतो?" आत्याने विचारलं.

"पुढचे दोन पाय असे जुळवून. तासन् तास."

"कुणी सांगितलं नसताना?"

"कोण सांगणार त्याला?"

आत्या म्हणाली, "माझं नामस्मरण चाललेलं असतं, पण मन मेलं दुधावर नाहीतर दुखण्यावर. त्याला एकदा डोळ्यांनी बघायचंय रे. तू तर फोटो काढणारा माणूस."

आता या शब्दापुढे कोण माघार घेणार? आत्याचा मुलगा तिला आपल्या घरी न्यायला यायचा होता. तिथे सगळं तळमजल्यावर होतं आणि दवाखाना दारात होता. ती गेली की परत यायची नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण कळत सगळ्यांनाच होतं. त्याचा यायचा दिवस उजाडला, संध्याकाळी तो येणार होता, आणि श्वासरोक्यांच्या फोनमध्ये अजून एकही धड फोटो नव्हता.

फोटो पुष्कळ होते, नव्हते असं नाही. एकात बागेचा नळ होता, एकात भिंत. बऱ्याच फोटोंत श्वासरोक्यांची स्वतःची चप्पल होती. किडा गुलाबाच्या फांदीवर नवरदेवासारखा स्थिर बसे. श्वासरोके फोन रोखत, पुटपुटत "हलू नका", आणि बोट बटणावर टेकतं न टेकतं तोच त्यांचे पाय स्वयंपाकघराच्या दाराआड पळत. फोन अर्थातच त्यांच्याबरोबर पळे.

"अहो, त्याच्यातून काही किरण बाहेर पडत नाहीत," बायको म्हणाली. "फोन आहे तो."

"मला कळतं."

"तुमच्या पायांना कळवा मग."

मग फोनमध्ये बटण दाबल्यावर जरा वेळाने आपोआप फोटो निघायची सोय त्यांना सापडली. त्यांना कोण आनंद झाला. फोन कुंडीला टेकवून ते निवांत दाराआड जाऊन उभे राहू लागले. तेवढ्यात किडा चार पावलं चालून जाई आणि फोटोत रिकामी फांदी येई. हिरव्या पानांत हिरवा किडा, तो असला तरी दिसे कुणाला? म्हणून मागे पांढरं काहीतरी धरायचं ठरलं. आत्याच्या खाटेवर घालायला बायकोने एक धुतलेली चादर काढून ठेवली होती. तीच श्वासरोक्यांनी तिच्या हातात दिली.

"डावीकडे जरा. वर. आणखी वर."

"मी काय गच्चीवर जाऊ?"

"श्वास रोख."

"मी कशाला रोखू? फोटो माझा काढताय का?"

वर आत्याचं सामान बांधायचं होतं, औषधांच्या पुड्या वेगळ्या करायच्या होत्या, आणि ही बाई उन्हात हात वर करून चादरीचा पडदा झाली होती. खांद्यांत कळा येऊ लागल्या. श्वासरोके दाराआडून तिसऱ्यांदा डोकावले तेव्हा तिचा बांध फुटला. चादरीचं एक टोक दातांत, एक डाव्या हातात धरून तिने उजव्या हाताने फोन ओढला आणि बटण दाबलं.

फोटो निघाला. काय फोटो होता म्हणता. पायावरचे काटे मोजून घ्या, डोळ्यातला ठिपका बघून घ्या. आणि त्या जोडलेल्या हातांत एक पिवळं फुलपाखरू होतं. त्याचं डोकं एव्हाना भक्ताच्या तोंडात गेलेलं होतं.

दोघं नवराबायको फोटोकडे बघत राहिली.

"हे दाखवणार आत्याबाईंना?" बायको म्हणाली.

"वेड लागलंय का? नामस्मरण सोडेल ती."

"मग थांबा. जेवण होऊ दे त्याचं. मी काढते दुसरा."

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवर शेजारच्या विमावाल्यांचं डोकं उगवलं. माणूस परोपकारी होता. लोकांना नको असतानाही मदत करायचा. "किडा ना? सकाळपासून बघतोय वहिनी, तुम्ही चादरीने हाकलताय. असा नाही जायचा तो." ते बोलले आणि फवारणीचा पंप पाठीला लावूनच फाटकातून आत आले.

"भाऊजी, नको. आम्हाला तो हवाय."

"संकोच करू नका, औषध घरचंच आहे," विमावाले म्हणाले आणि त्यांनी दांडा हलवला.

बायकोने मागचापुढचा विचार न करता चादर गुलाबावर टाकली, गोळा करून उचलली आणि पाठमोरी झाली. फवारा झाडावर बसला, थोडा श्वासरोक्यांवर बसला. गुलाबाची फांदी रिकामी झाली होती. विमावाले म्हणाले, "बघा, गेला की नाही," आणि समाधानाने घरी गेले. श्वासरोके ओल्या सदऱ्याने पान न् पान उलटून बघत राहिले. किडा कुठेच नव्हता.

"उडाला," ते पायरीवर बसून म्हणाले. "आयुष्यात तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली."

बायकोला बोलायचं पुष्कळ होतं, सकाळपासून साठलेलं. पण त्या ओल्या माणसाकडे बघून तिने सगळं गिळलं. "वर चला. जे आहे ते सांगा त्यांना. मी चादर घालते."

आत्याला कुशीवर वळवून बायकोने चादर अंथरली, पायांवर ओढली, आणि सुरकुती सरळ करायला हात फिरवते तो चादरीच्या घडीतून एक हिरवं त्रिकोणी डोकं वर आलं. मग मान आली. मग काटेरी पाय बाहेर आले आणि एकमेकांशी जुळले. आत्याच्या गुडघ्यावर, उन्हाच्या तिरिपेत, फुलपाखरू पचवून प्रार्थनाकीटक ध्यानाला बसला.

कुणी हललं नाही. आत्याने सावकाश आपले दोन्ही हात वर घेतले आणि जोडले.

"आलास का रे," ती हळूच म्हणाली. "जिना चढून आलास."

बायकोने पदर डोळ्यांना लावला, मग भानावर येऊन नवऱ्याला कोपराने ढोसलं. "काढा. आत्ता काढा."

श्वासरोक्यांनी फोन रोखला. दोघंही हात जोडलेले, दोघंही स्थिर. जन्मात इतका गुणी रोगी त्यांना मिळाला नव्हता, आणि इथे तर दोन होते. "श्वास रोखा," ते म्हणाले. "हलू नका." आत्याने खरोखर श्वास रोखला. खटकन आवाज झाला. पण तो आला जिन्यावरून, दाराच्या पलीकडून.

बायकोने कपाळाला हात लावला. तेवढ्यात किडा भुर्रकन खिडकीबाहेर गेला.

श्वासरोके आत आले ते मान खाली घालून. फोटोत दाराची कडी होती. इतकी सुरेख कडी कुणी टिपली नसेल. तिच्यावरचा गंजसुद्धा रेखीव आला होता.

"दाखव बघू," आत्या म्हणाली.

तिने फोन घेतला आणि हातभर लांब धरला. चष्मा उशाशीच होता, पण तिने तो लावला नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "अगदी हुबेहूब. मी म्हणत नव्हते, माझा पोरगा फोटो काढणारा आहे. याची मोठी प्रत काढून दे मला, तिकडे भिंतीवर लावीन."

बायको बोलायला तोंड उघडत होती. आत्याने तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि तिने ते मिटलं.

संध्याकाळी आत्या गेली. तिच्या नव्या खोलीत खाटेसमोर चौकटीत ती कडी लागली आहे. येणारे जाणारे विचारतात, हे काय आहे. आत्या सांगते, "हात जोडणारा आहे. नीट बघा, दिसेल."

तर मंडळी, पुढे कुणी तुम्हाला कौतुकाने फोटो दाखवला आणि त्यात नुसती कडी, भिंत किंवा चप्पल दिसली, तर चष्म्याकडे हात नेण्याआधी एवढं करा. त्या आत्याची आठवण काढा.