पिंगळीच्या गिरणीचं विकेंद्रीकरण

चंद्रभानचं वागणं नर्मदाबाईंना पटत नव्हतं. भाचा दिवसभर 'विकेंद्रित, विकेंद्रित' करायचा आणि दोन्ही वेळा जेवायला मात्र आत्याच्या एकाच चुलीपाशी यायचा. पण जगातली प्रत्येक थोर सुधारणा कुणाच्या तरी आयत्या भाकरीवर उभी असते (भाकरी थापणारीचं नाव इतिहासात येत नाही), म्हणून त्या वाढत राहिल्या.

सुधारणा अशी होती. 'आपली पिंगळी' हा मोबाइलवरचा ग्रुप चंद्रभाननं संघटना करून टाकला. हिला अध्यक्ष नाही, सचिव नाही, मालक नाही. (सगळं चंद्रभानच बघायचा, पण ते पद नव्हतं, सेवा होती.) ग्रुपवर जो बोलेल त्याला डिजिटल टोकन मिळे, आणि ज्याची टोकनं जास्त त्याच्या मताला वजन जास्त. गावात अभूतपूर्व जागृती झाली. किशनरावांचा वाढदिवस एका महिन्यात तीनदा साजरा झाला. गेलेल्या माणसांना पुन्हा पुन्हा श्रद्धांजली वाहून पुण्यातले तात्याराव गावातले सर्वांत वजनदार नागरिक ठरले. पिंगळीत त्यांनी कैक वर्षांत पाय ठेवला नव्हता. त्यामुळे त्यांचा निःपक्षपातीपणा वादातीत होता.

त्यांनीच ठराव आणला. बायकांच्या बचत गटाची पिठाची गिरणी विकावी आणि तिचं डिजिटल चित्र सर्वांच्या मालकीचं करावं. चित्राला वीज लागत नाही, चित्राचा पट्टा तुटत नाही. (चित्रातून पीठही पडत नाही, असं गटातल्या बायका म्हणाल्या, पण त्यांच्याकडे टोकनं नव्हती, कारण त्या दळत होत्या.) गिरणी नर्मदाबाईंच्या ओसरीत होती. पै पै जोडून गटानं ती आणली होती आणि अर्ध्या गावाची भाकरी तिच्यावर होती. नर्मदाबाई ग्रुपवर जन्मात एकदाच बोलल्या होत्या, 'लाईट गेली'. म्हणून त्यांच्या नावावर टोकन एक. ठराव नऊ हजार टोकनांनी मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी गिरणी न्यायला परभणीहून टेम्पो आला. चालक सिताराम. त्याची हयात कापसाच्या, दवाखान्याच्या आणि बँकेच्या रांगेत गेलेली. नर्मदाबाई उंबऱ्यात बसल्या आणि त्यांनी त्याला एवढंच विचारलं, की रांगेत आधी कुणाचं काम होतं, टोकन एकचं का नऊ हजारचं.

"एकचं," सिताराम म्हणाला. त्यात शंका घेण्यासारखं त्याला काही दिसेना.

त्यांनी मोबाइल पुढं केला. तिथं त्यांच्या नावापुढं टोकन ठळक एक होतं. इथं टोकनाचा नंबर नसतो, टोकनं मोजतात, असं चंद्रभान जीव तोडून समजावत राहिला. सितारामनं शांतपणे ऐकून घेतलं.

"दादा, आधी बाईचा नंबर हाय. तुमचा लय मागं हाय. आला की फोन करा."

रिकामा टेम्पो परभणीच्या रस्त्याला लागला. नर्मदाबाईंनी खटका दाबला. गिरणी सुरू झाली, तेव्हा त्या भाच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"चंद्रभान, आमी कागदावर अंगठा उठवायचो, तवा आमाला अडाणी म्हणायचे. पण कागद कशाचा हाय, ते आधी कुणाकडून तरी वाचून घ्यायचो. तुमी शिकलेले दिवसभर न वाचता अंगठे दाबायलाव. आता हे बी टाक तुज्या ग्रुपवर. वाचणारे बाईला हसतील, एक अंगठा देतील, आन् फुडं ढकलतील."