सेटअपमधली सनई

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेतल्या निबंधापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. तेव्हा वडीलधाऱ्या माणसावर लिहायला बसणं हा आगाऊपणाच. आधीच माफी मागतो. पण दिनूअण्णांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि त्यांच्या ऑफिसशेजारची खोली माझी होती.

शाहूपुरीत अण्णांचं एका टेबलाचं ऑफिस होतं. दूध संस्थांसाठी ते सॉफ्टवेअर बनवत. नवल एवढंच, की त्यांची सीडी घालून सॉफ्टवेअर बसवायला घेतलं, की कॉम्प्युटरमधून लग्नातली सनई सुरू व्हायची. पडद्यावरची निळी पट्टी भरेपर्यंत वाजायची. खरं तर काम अर्ध्या मिनिटाचं. अण्णांनी पट्टी मुद्दाम सावकाश सरकवली होती.

"पण सनई कशाला, अण्णा?" मी भीत भीत विचारलं.

"नुसती पट्टी बघून माणूस कंटाळतंय, मधीच बटण दाबतंय. सनई असली की मांडवातनं कोण उठत न्हाय, पावणं!"

रोज भेटत असूनही मी त्यांचा 'पावणं'च होतो.

एकदा एका संस्थेचे चेअरमन पिशवीतून कीबोर्ड घेऊन आले. सनई ऐकून तिथं सगळ्यांनी चपला काढल्या होत्या, आणि पट्टी भरताच संचालक मंडळानं कीबोर्डवर अक्षता टाकल्या होत्या. आता एंटर दबत नव्हतं.

"ती सनई काढा की, अण्णा!"

"सनईचा काय दोष? अक्षता मॉनिटरवर टाकायच्या हुत्या!"

पुढच्या सीडीत पट्टीखाली ओळ आली: 'कृपया अक्षता लांबून टाकाव्यात.' सनई होती तशीच राहिली.

फोन वाजला की अण्णा पहिलं विचारत, "आमच्या गावचा हाय काय?" राधानगरीकडची पंधरा-वीस गावं झाली, पण त्यांच्या गावच्या संस्थेचा फोन काही येत नव्हता.

भिंतीपलीकडून रोज ऐकून सनई मला पाठ झाली होती. एक मुख्य सनई, आणि तिच्यामागं एकच सूर धरून बसलेली दुसरी. शेवटी शेवटी ती दुसरी गप्प व्हायची आणि पहिली एकटीच वाजत राहायची. मी विचारलं, तर अण्णा माऊस पुसायला लागले.

"वाजवतोय त्यो आमचा बा. मागं सूर धरलाय त्यो मी. लग्नातली कॅसेट हाय. कॉम्प्युटरची परीक्षा हुती, एस्टी चुकंल म्हणून मधीच उठून आलो. तवापास्नं बा बोलत न्हाय." मग म्हणाले, "दूध घालाय रोज डेअरीत येतोय. कधी तरी कानावर पडंल की."



गेल्या महिन्यात अण्णा टाचणीनं त्या कीबोर्डातले तांदूळ काढत बसले होते, म्हणून फोन मी उचलला. त्यांच्याच गावचे सेक्रेटरी होते. संस्थेनं सीडी घेतली होती.

"अण्णास्नी सांगा," ते ओरडून बोलत होते, "म्हातारा किटली घिऊन रांगेत हुता. सनई लागली, तसा आत आला. तीनदा सॉफ्टवेअर बसवाय लावलं आमास्नी! आन् म्हणला, दिन्याला कळवा, शेवटाला सूर सुटलाय. परवा वाडीत लगीन हाय, धराय ये म्हणावं."