चौगुले मास्तरांचं बोट

चौगुले मास्तर आधी माणसाच्या बरगडीत बोट टोचायचे आणि मग नमस्कार म्हणायचे. नवखा माणूस दचकून वळला की शांतपणे विचारायचे, "पावणं, आत्ता मी काय केलं? इंग्रजीत सांगा बघू."

उत्तर 'पोक'. ते आलं नाही तर सुटका नव्हती, आणि आलं तरी नव्हती. "शब्द डच मुलखाकडनं आलाय. विस्तव सारायची सळई, ती पोकर. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसलंस तरी पोकच. आणि पोक म्हणजे पिशवी, ते घराणंच येगळं. त्यातली धाकटी पिशवी म्हणजे हे पॉकेट." असं म्हणत बोट माझ्या खिशात. शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर आम्ही धारोष्ण दूध प्यायला जमायचो. मास्तरांचं सांगून संपेपर्यंत ग्लासातला फेस पार बसायचा.

इंग्रजी शिकवून ते निवृत्त झालेले. मी त्यांचा शेजारी, कचेरीत टायपिस्ट. एकदा त्यांनी हातानं लिहिलेला कागद दिला. "विलायतेच्या डिक्शनरीवाल्यांना धाडायचाय. एक अर्थ सुटलाय त्यांच्याकडनं. तेवढं टाईप करून दे की."

"व्हय मास्तर, उद्याच," म्हणालो आणि कागद न वाचताच कचेरीतल्या ड्रॉवरात टाकला. म्हातारपणाचा चाळा, दुसरं काय! पुढं आठ महिने बरगडीत बोट आणि "झालं काय रं?" मी कट्टा सोडला, जायची-यायची गल्ली बदलली. मग त्यांनी विचारायचं बंद केलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

मास्तर गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कागद काढला. इंग्रजीत लिहिलं होतं, "महोदय, माझी पत्नी ठार बहिरी होती. हाक ऐकू येत नसे, म्हणून मी मागून बोट लावी. ती कधी दचकली नाही, वळून हसे. आपल्या कोशात 'पोक'खाली टोचणे, ढकलणे, डिवचणे आहे. आपल्या माणसाला हाक मारणे नाही. ती गेल्यापासून मी गावभर बोट लावून पाहिले. सगळे दचकतात. तरी हा अर्थ एका घरात चाळीस वर्षे चालू होता, याची कृपया नोंद घ्यावी."

मी तिथंच मशीनवर कागद चढवला. डोळ्यांतल्या पाण्यानं दोन ओळी चुकल्या, त्या पुन्हा मारल्या. सहीसाठी खाली जागा सोडली आणि त्या कोऱ्या जागेकडं बघत बसलो.

सगळं मिळून दहा मिनिटं लागली.