वैजूच्या पायाखालचा दगड

वैजयंतीच्या लग्नात कशाचीही कमी नव्हती. टॉवेलच्या कारखान्याचे मालक मानसिंगराव यांची थोरली लेक ती, कमी कशी पडणार? राहिली फक्त सहाण. सप्तपदीआधी नवरीनं जिच्यावर पाय ठेवायचा, ती सहाण घरी देवघरातच राहिली. आणि हे कळलं केव्हा, तर होम पेटल्यावर!

"कुठलाही दगड चालेल. धुऊन आणा म्हणजे झालं," गुरुजी म्हणाले. नवरीचा भाऊ इंद्रजीत कार्यालयामागं पळाला. तिथं नव्या बांधकामाचा पाया खणला होता. त्या ढिगातला एक काळा धोंडा त्यानं नळाखाली धरला आणि आणून ठेवला.

फोटोवाला होता सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला सुबोध. 'जवळ या, हसा, मावशी डोळे उघडा' हे तो झोपेतही म्हणायचा. पण आज गडी फार सावध होता. हे लग्न मनासारखं निघालं, तर धाकट्या संस्कृतीचंही लग्न त्यालाच मिळणार होतं, आणि त्या भरवशावर त्याच्या बायकोनं, लीलानं, नवा फ्रिज पसंतही करून ठेवला होता. वैजयंतीनं दगडावर पाय ठेवला. जोडव्यांचा फोटो हवा म्हणून सुबोधनं मॅक्रो लेन्स लावली, खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

नवरीच्या अंगठ्याशेजारी दगडात हरभऱ्याएवढं भोक होतं. लेन्समधून त्याची गुहा झाली. आत हिरवट मखमल, आणि त्या मखमलीतून उगवलेल्या शेकडो सुया! पांढऱ्या, काचेसारख्या, केसाहून बारीक. होमाच्या उजेडात सुईसुईच्या टोकाला ठिणगी. सुबोधच्या अंगावर सर्रकन काटा आला. अरे देवा! ठेच लागली की ज्याला आपण शिव्या घालतो, त्या आपल्या सोलापुरी धोंड्यात हे? माणूस जन्मायच्या आधीपासून हे अंधारात असं नटूनथटून बसलंय, आणि बघायला कुणी नाही? त्याला एकदम रडूच यायला लागलं. त्यानं पोटावर आडवं पडून एक फोटो काढला. एक टोक स्पष्ट आलं, दुसरं धूसर. म्हणून आणखी एक काढला. मग काय, आणखी एक, आणखी एक.

"अवो, फोटोवालं पडलं की!" कुणीतरी ओरडलं.

चक्कर आली समजून व्हिडिओवाला बसवराज कॅमेरा टाकून पाण्यासाठी धावला. एका काकांनी उपरण्यानं वारा घालायला घेतला, एका मावशीनं फोडलेला कांदा नाकाशी धरला.

"बाजूला व्हा हो, उजेड अडतोय," सुबोध पुटपुटला.

"वातात बडबडतोय बिचारा," काका म्हणाले आणि जोरात वारा घालू लागले.

या गोंधळात सात पावलं झाली. कानपिळी झाली. इंद्रजीतनं पिळलेला नवरदेवाचा कान टोमॅटोसारखा लाल झाला. सुबोध उठला तेव्हा मंडळी जिलबीवर होती.

घरी लीलानं संगणकावर फोटो बघितले आणि कपाळाला हात लावला. "अहो, सप्तपदी कुठाय? आणि पिशवीत हे काय आणलंय जड?"

"तोच दगड."

"लग्नातून लोक आहेर आणतात, यांनी धोंडा आणला! आता मानसिंगराव तुमच्या डोक्यात घालतील तो."

मांडवपरतणीला लेक-जावई आले, त्या दिवशी फोटो बघायला झाडून सगळी भावकी मानसिंगरावांच्या टीव्हीपुढं जमली. हळद झाली, अंतरपाट झाला, आणि मग पडदाभर पांढऱ्या सुया चमकू लागल्या.

"हे कुटलं, काश्मीर व्हय?" मानसिंगरावांनी विचारलं.

"हनिमूनचे फोटो आधीच?" संस्कृती खिदळली.

सुबोध टीव्हीपुढं येऊन उभा राहिला. "हा वैजूताईंच्या पायाखालचा दगड आहे. सप्तपदी... राहिली."

मानसिंगराव ताडकन उठले. "राहिली? तर परत घ्यायची! वैजे, शालू नेस. जावईबापू, मुंडावळ्या बांदा. गुरुजींना गाडी पाठवा!"

तासाभरात अंगणात मांडामांड झाली. "मंत्र म्हणणार नाही, नुसते ओठ हलवीन," गुरुजींनी आधीच सांगून टाकलं. नवरदेव अभिमन्यूनं दोन्ही कान मुंडावळ्यांखाली झाकून घेतले. सुबोधनं पिशवीतून दगड काढून पुढ्यात ठेवला.

वैजयंतीनं पाय उचलला आणि तसाच मागं घेतला. "ह्याच्यावर? टीव्हीवर बघितलं न्हवं आत्ता! मी न्हाय पाय ठेवायची. आदी मला नीट बगू द्या."

ती सुबोधच्या कॅमेऱ्यातून बघायला वाकली ती उठेना. मग अभिमन्यू वाकला. मग त्याच्या सासूबाई. मग गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्यांचे ओठ हलायचे थांबले. अंगणात रांग लागली.

"अहो, ऊन उतरतंय! सात पावलं राहिलीत!" सुबोध कळवळून ओरडत होता. पण ऐकतो कोण?

शेवटी मानसिंगराव पोटावर आडवे झाले. बराच वेळ हलले नाहीत. उठले तेव्हा डोळे ओले होते. "कारखाना निघायच्या आदी आमी रानातनं ह्येच येचून बांदावर भिरकावलं की वो," ते म्हणाले. "लई मोटी चूक झाली."

तोवर अंधार पडला होता. सुबोधनं कॅमेरा आवरायला घेतला.

"फोटोवाले," मानसिंगराव म्हणाले, "संस्कृतीच्या लग्नाला दुसरा माणूस सांगणार हाय मी."

सुबोधचा चेहरा उतरला. फ्रिज गेला, भावकीतली लग्नं गेली. "बरोबर आहे तुमचं," तो कसाबसा म्हणाला.

"आदी ऐका तर. मामाचा मान मामाला, करवलीचा करवलीला, तसा आमच्या घरात आजपासनं दगडाचा मान तुमचा. दगड तुमीच हुडकून आणायचा आन फोटो त्याचाच काढायचा. पैसं अख्ख्या लग्नाचं देतो." ते जरा थांबले आणि दगडाकडं बघत म्हणाले, "नवरीचा पाय त्यात आला न्हाय तरी चालंल."